जुना बेस तुमच्याकडे येतोय

प्रिय आई आणि बाबा,

आधी बातमी सांगते, कारण आई कुठलंही पत्र शेवटाकडून वाचायला घेते. मी नवा बेस गिटार घेतलाय. पैसे देऊन झाले, हप्ते-बिप्ते काही नाहीत. जुना विकलेला नाही. दादा पुढच्या आठवड्यात येईल तेव्हा गाडीतून घेऊन येईल, आणि मधल्या खोलीतल्या कपाटाशेजारी त्याला जागा करायची आहे. आई, "आता आणखी एक?" असं तू म्हणाली असशीलच. म्हणून पुढचं सगळं सविस्तर लिहितेय.

नवा घेतला तो खांद्यासाठी. थोडी हौसही आहे, नाही कशाला म्हणू, पण मुख्य कारण खांदा. घाबरू नका, मणक्याचं वगैरे काही नाही, तपासून घेतलंय. जुना बेस साडेचार किलोच्या वर भरतो आणि ते सगळं वजन पट्ट्यातून डाव्या खांद्यावर येतं. दोन तास उभं राहून वाजवलं की मानेपासून कोपरापर्यंत भरून येतं. त्यात त्याचं डोकं सारखं खाली झुकतं, म्हणजे ज्या हाताने तारा दाबायच्या त्याच हाताने त्याला सावरायचंही. विशीत हे जाणवत नव्हतं. फिजिओथेरपीचे व्यायाम चालू आहेत, रात्री झोप नीट लागते, आणि ऑफिसात खुर्चीही बदलून घेतली. तेव्हा फोनवर "हात कसा आहे" हा प्रश्न रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे.

बाबा, आता तुमच्यासाठी आकडे. जुन्याच्या तारेची लांबी, म्हणजे वरच्या नटपासून खालच्या घोडीपर्यंत, 34 इंच. तुम्हीच टेप लावून मोजली होती आणि दांडीवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर, बरोबर 17 भरली तेव्हा कोण आनंद झाला होता तुम्हाला! नव्याची 30 इंच आहे. चार इंचांनी काय होतं, असं वाटेल. पण पहिल्या ते चौथ्या फ्रेटमधलं अंतर जुन्यावर जवळजवळ 13 सेंटीमीटर आहे आणि नव्यावर साडेअकराच्या आत. माझा पंजा आईवर गेलाय, तेव्हा हा दीड सेंटीमीटर मला करंगळीत कळतो. शिवाय तार आखूड असली की त्याच सुराला ताण कमी लागतो, म्हणून दाबायलाही हलकी. तोटा आहेच. सगळ्यात खालची तार जराशी ढिली वाटते, सुराला जुन्याएवढी धार येत नाही. थोडी जाड तार चढवली की बरंच सावरतं. बाकी मी चालवून घेईन.

"आखूड म्हणजे लहान मुलांचा का?" हा बाबांचा प्रश्न इथपर्यंत ऐकू येतोय. नाही. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर 30 इंचीच. क्रीम बँडचा जॅक ब्रूस वाजवायचा तो गिब्सनही साडेतीस इंचांचा. आणि फेंडरचा मस्टँग, ज्या घाटाचा मी घेतलाय, तो 1966 पासून चालत आलाय.

घेण्याआधी मी घाई केली नाही, हे मुद्दाम सांगते, कारण दादाच्या कॅमेऱ्याचं जे झालं ते माझ्या डोक्यात होतं. फेंडरचाच प्रिसिजन बेस वाजवून पाहिला. एक पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारा चुंबकी भाग, दोन बटणं, आणि चारचौघांत वाजवला तरी आवाज आपली जागा सोडत नाही. कुणी मला आयुष्यभरासाठी एकच बेस निवडायला सांगितला तर मी अजूनही तोच सांगेन. पण नेक, म्हणजे दांडी, रुंद, नटपाशी 41 मिलिमीटरच्या आसपास. माझ्या हाताला जुन्याच्या, म्हणजे जॅझ बेस प्रकाराच्या, 38 ची सवय, आणि वजन पुन्हा तेवढंच. मग म्युझिक मॅनचा स्टिंगरे. 1976 मध्ये आला तेव्हा बेसच्या आतच आवाज वाढवणारा प्रीअ‍ॅम्प आणि 9 व्होल्टची बॅटरी असलेला हा नवलाचा प्रकार होता. आवाज असा खणखणीत की दुकानातली माणसं वळून बघायला लागली. पण तोही जड, आणि वाजवून झाल्यावर केबल काढायची राहिली की आतली बॅटरी हळूहळू संपत राहते. विसरण्याच्या बाबतीत मी कुणावर गेलेय हे आपल्याला माहीत आहे. पाच तारांचाही हातात घेतला. त्याची पाचवी तार 31 हर्ट्‌झपर्यंत खाली जाते, ऐकण्यापेक्षा ती पोटात जास्त कळते. मोह झाला, पण तार वाढली की नेकही रुंद होते. परत ठेवला.

मस्टँग गळ्यात अडकवला आणि हात सोडून दिले तर तो होता तिथेच राहिला. साडेतीन किलोच्या आसपास. त्याच क्षणी माझं ठरलं होतं, बाकीची तुलना नंतर मनाच्या समाधानासाठी केली.

जुना का विकला नाही, याचं कारण आधी बाबा आणि मग आई. तो तुमच्या दोघांचा आहे. हिरव्या पडद्याची खोळ अजून त्याच्यावर आहे, एका कोपऱ्यात उसवलीय तेवढीच. आणि बाबा, तो गूं-गूं आवाज तुम्हीच शोधला होतात. आठवतं? मी रडकुंडीला आले होते, उद्या गच्चीवरचा कार्यक्रम, आणि अ‍ॅम्प सारखा गुणगुणतोय. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून स्पीकरला कान लावून बसलात. एक बटण कमी, एक जास्त, मग उलट. शेवटी दोन्ही पिकअपची बटणं पूर्ण फिरवलीत आणि गुणगुण नाहीशी झाली. तुम्ही म्हणालात, "एकाचं वायंडिंग उलटं आहे, एकमेकांचं मारतायत." जॅझ बेसच्या जोडीत ते खरंच तसंच असतं, हे मला कितीतरी वर्षांनी वाचायला मिळालं. वाद्य कशाशी खातात हे माहीत नसलेल्या माणसाने ते अर्ध्या तासात ओळखलं होतं.

त्यावरून एक सांगायचं कधीचं राहिलंय. तुम्ही नेहमी म्हणता, "मला यातलं काही कळत नाही, मी आपला रेडिओ उघडणारा माणूस." बाबा, 1951 मध्ये ज्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला तो लिओ फेंडर रेडिओच दुरुस्त करायचा. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आणि गिटार त्याला वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत. तोवर बेस म्हणजे माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचं ते धूड होतं. त्याच्यावर ना फ्रेट ना आवाज वाढवायची नीट सोय. तशी खटपट त्याच्याआधीही झाली होती, पण लोकांनी उचलला तो याचा. तेव्हा "कळत नाही" हे वाक्य आता बंद.

आता खरं कारण. जुना बेस मला तुमच्या हाताशी हवाय. मागच्या वेळी आले होते तेव्हा दाराची बेल तुम्हाला ऐकू आली नाही, फोनही आईनेच उचलला. मी काही बोलले नाही, तुम्हीही विषय काढला नाहीत. पण मी दिवाणावर बसून उगाच ती खालची तार छेडली, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर केलीत. वयाने कान जातो तो आधी वरच्या, बारीक आवाजांना. खालचे सूर बरेच दिवस सोबत करतात. ती मोकळी तार 41 हर्ट्‌झची आहे, आणि अ‍ॅम्प नसला तरी चालेल. बेस मांडीवर घ्यायचा, वरचं शिंग, म्हणजे पुढे आलेलं टोक, छातीला टेकेल असा, आणि मान झुकवून हनुवटी त्या शिंगावर ठेवायची. आम्ही सगळे रात्री असंच वाजवतो, घरातले झोपलेले असतात तेव्हा. सूर हाडातून थेट आत येतो. कानातलं मशीन काढून ठेवलेलं असलं तरी येतो.

याचा अर्थ मशीन काढून ठेवायचं असा नाही! डबीत पडून राहायला ते आणलेलं नाही. सकाळी दात घासून झाले की कानात, झोपताना बाहेर. कर्कश वाटत असेल तर त्या बाईंकडे जाऊन सेटिंग बदलून घ्या, दोन-तीन फेऱ्या लागतातच. आई, यात तू त्यांची बाजू घेऊ नकोस.

आई, तुला मात्र या सगळ्याचा वैताग झाला होता हे मी विसरलेले नाही. परीक्षेच्या दिवसांतली ती भांडणं, आत्याचं ते वाक्य, सगळं. "तू वाजवतेस ते गाण्यात असतं कुठे?" असं तू विचारायचीस आणि मला राग यायचा. मग त्या कार्यक्रमात मधेच माझी केबल निघाली आणि तू शेजारच्या काकूंना म्हणालीस, "काहीतरी गेलं बघा." तबल्यातला डग्गा बंद पडावा तसं झालं होतं ते, आणि सगळ्या गच्चीवर ते फक्त तुला कळलं. घरी आल्यावर माझी बोटं कोमट पाण्यात धरून बसली होतीस. फोड आले होते ना. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी तशीच झोपले, कपडेही न बदलता. अजून कधीकधी बोटं हुळहुळली की तुझीच आठवण येते, औषधाची नाही.

असो. आता सूचना, आणि या दोघांनी वाचायच्या.

बेस बाबांनी उचलायचा नाही. दादा ठेवेल तिथेच राहील, मांडीवर घ्यायचा झाला तर आई केस उघडेल आणि बाबा आधी खुर्चीत बसतील. कमरेचा पट्टा लावूनसुद्धा उचलायचा नाही, तो पळवाट म्हणून दिलेला नाही. भिंतीला टेकवून उभा करू नका, घसरला की पहिली मोडते ती मान. खिडकीत नको, उन्हात नको. आई, पुसायचा तो कोरड्या फडक्याने, आणि स्वयंपाकघरातलं कुठलंही तेल त्या लाकडाला लावू नकोस, ते पुढे खवट होतं. तारा सैल सोडून ठेवू नका. चारही तारा मिळून त्या नेकवर सत्तर-पंच्याहत्तर किलोंची ओढ असते आणि आतली लोखंडी सळई ती तोलून धरते; एक बाजू सोडली की लाकूड दुसरीकडे वाकायला लागतं. बाबा, त्या सळईची चावी केसमध्ये आहे हे मी सांगितलं नसतं तरी तुम्ही शोधून काढली असती. फिरवू नका. पावसाळ्यात तारा खडखडायला लागल्या तरी फिरवू नका, मी आले की बसू दोघं, तुम्ही सांगा आणि मी फिरवते.

तारा बदलायची गरज नाही. मी गुळगुळीत, फ्लॅटवाउंड चढवल्यात, बोटांना टोचत नाहीत आणि वर्षानुवर्षं चालतात. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या गाण्यांत वाजवणारा जेम्स जेमरसन तर तुटेपर्यंत बदलायचाच नाही. त्याचा 1962 चा प्रिसिजन त्याच्या शेवटच्या दिवसांत चोरीला गेला, तो मिळालाच नाही. मॅकार्टनीचा 1961 चा हॉफनर 1972 मध्ये गेला, तो मात्र पन्नासहून अधिक वर्षांनी सापडला, 2024 मध्ये बातमी आली. आई, हे वाचून लगेच कुलूप शोधायला उठू नकोस. आपला कुणी चोरणार नाही.

आणि एक. खोलीत जागा व्हावी म्हणून माझी जुनी वह्यांची पेटी माळ्यावर टाकायला तुम्ही दोघांपैकी कुणीही स्टुलावर चढायचं नाही. पेटी दारात राहू दे. आईच्या गुडघ्याच्या गोळ्या संपत आल्यात असं दादा म्हणाला, त्या त्याच्याबरोबरच पाठवतेय, जेवणानंतरच्या आहेत, आधीच्या नाहीत. जिन्यातला दिवा त्याला बदलायला सांगितलाय. तो "नंतर बघू" म्हणाला तर मला फोन करा.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. नवा बेस निळा आहे, आईला आवडेल असा.

तुमची,
मनू

ता. क. केसच्या खिशात एक पिवळा मऊ कपडा आहे, तो तारा पुसायचा आहे. आई, भांड्यांना घेऊ नकोस. बाबा, चष्म्यालाही नाही.