भूकंप पहाटेचा, मॉक ड्रिल सकाळी अकराचं

मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री यांस,
स.न.वि.वि.

मोठ्या दुर्घटनेचा स्मृतिदिन आला की काय होतं, हे आता सगळ्यांना तोंडपाठ झालं आहे. सकाळी पुष्पचक्र, दोन मिनिटं मौन, एखाद्या शाळेत निबंध स्पर्धा आणि अकराच्या सुमारास मॉक ड्रिल. भोंगा वाजतो, कर्मचारी गळ्यात ओळखपत्र अडकवून जिना उतरतात, मैदानात उभे राहून फोनवर बोलतात आणि वीस मिनिटांत पुन्हा आपापल्या टेबलाशी येतात. दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो, खाली ओळ असते: सराव यशस्वीरीत्या पार पडला.

माझं मागणं एवढंच आहे की हा सराव अकरा वाजता घेऊ नका. ज्या घटकेला ती आपत्ती आली होती, त्याच घटकेला घ्या.

तारखेइतकीच वेळही का महत्त्वाची, ते सांगते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. माणसं गाढ झोपेत होती आणि डोक्यावर दगडमातीची जाड, जड घरं होती. जपानमधल्या कोबेचा भूकंप १७ जानेवारी १९९५ चा, तोही पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांचा, ऐन थंडीतला. उलट टोकियो-योकोहामा उद्ध्वस्त करणारा १ सप्टेंबर १९२३ चा भूकंप दुपारी १२ ला दोन मिनिटं कमी असताना आला. घरोघरी जेवणासाठी चुली पेटलेल्या होत्या. एक लाखाहून अधिक माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक पडझडीने नव्हे, आगीने गेली.

पहाटे चारच्या भूकंपात माणसाला काय लागतं? चष्मा, चप्पल, टॉर्च आणि दाराची किल्ली, आणि या चारही गोष्टी अंधारात हाताला लागतील अशा जागी. जमिनीवर फुटलेल्या काचा पडलेल्या असतात आणि पाय अनवाणी असतात, त्यामुळे पलंगाखाली ठेवलेला चपलांचा एक जोड लाखमोलाचा ठरतो. दुपारी बाराला आधी शेगडी बंद करायची असते. सकाळी सात-सव्वासातला घर पांगलेलं असतं: मूल शाळेच्या वाटेवर, एक जण गाडीत, आजी एकटी घरात. अशा वेळी खरा प्रश्न एकमेकांना गाठायचं कुठे आणि फोन लागला नाही तर निरोप कोणाकडे ठेवायचा, हा असतो. आणि सकाळी अकराला? सगळे जागे असतात, पायात बूट असतात, उजेड असतो, साहेब हजर असतात. अकराच्या सरावातून तयारी होते ती अकराच्या भूकंपाची.

सगळं शहर पहाटे चारला भोंगे वाजवून उठवा असं मी म्हणत नाही. एका वर्षी एक वसतिगृह घ्या, पुढच्या वर्षी एका रुग्णालयाचा एक मजला घ्या. रात्रपाळीला माणसं सर्वांत कमी असतात आणि चालता न येणारे रुग्ण दिवसाइतकेच असतात. दोन परिचारिका आणि एक वॉर्डबॉय मिळून तिसऱ्या मजल्यावरून किती जणांना खाली आणू शकतात, हे दिवसाच्या सरावात कधीच कळणार नाही.

या बाबतीत मेक्सिकोची गोष्ट अभ्यासण्यासारखी आहे. १९ सप्टेंबर १९८५ ला सकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी तिथे मोठा भूकंप झाला आणि राजधानीत हजारो माणसं मेली. सरकारी यंत्रणा हबकली होती, तेव्हा साधे नागरिक ढिगाऱ्यात शिरून माणसं काढू लागले. त्यांतूनच 'तोपोस' म्हणजे 'चिचुंद्र्या' असं नाव घेतलेली स्वयंसेवकांची पथकं उभी राहिली. पुढे १९ सप्टेंबर हा तिथे सरावाचा दिवस ठरला. २०१७ मध्ये, ३२ व्या स्मृतिदिनी, ठरल्याप्रमाणे सकाळी ११ वाजता सराव झाला, लोक इमारतींतून खाली आले, परत वर गेले. आणि दुपारी १ वाजून १४ मिनिटांनी खरा भूकंप आला, ७.१ तीव्रतेचा. केंद्र शहरापासून फार लांब नव्हतं. लांबच्या भूकंपात पूर्वसूचनेचा भोंगा मिनिटभराची सवलत देतो. त्या दिवशी तो वाजेपर्यंत जमीन हलू लागली होती. दोन तासांपूर्वी पायांनी जो जिना उतरून पाहिला होता, तेवढाच हाताशी होता.

तरीही साडेतीनशेहून अधिक माणसं दगावली आणि राजधानीतल्या कित्येक इमारती कोसळल्या. सरावाने भिंत उभी राहत नाही. कच्चं बांधकाम पास करणारा सही-शिक्का आणि कवायत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी केली म्हणून पहिलीचं पाप धुतलं जात नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. नाहीतर या पत्राचा उपयोग भलताच व्हायचा.

२०२२ मध्ये पुन्हा तेच: १९ सप्टेंबर, सराव, आणि पाऊण तासात भूकंप. साहजिकच ती तारीखच अपशकुनी मानणारे तिथे कमी नाहीत. भूकंप पंचांग बघून येत नाही, हा योगायोगच. पण स्मृतिदिनाचा उपयोग भाकितासाठी नाहीच मुळी. माणूस विसरतो, म्हणून वर्षातून एकदा त्याला हटकायला एक तारीख लागते, इतकंच.

विसरण्याच्या बाबतीत सरकारं आणि नागरिक सारखेच. शिवाय आपल्याकडे गोल आकड्यांचं फार प्रेम. पंचविसावं वर्ष, पन्नासावं, शताब्दी आली की निधी येतो, कॅमेरे येतात, स्मारकाला रंग लागतो. सव्विसाव्या वर्षाला कोणी वाली नसतो. इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर १९०७ मध्ये त्सुनामीने फार मोठी हानी केली होती. त्यानंतर तिथल्या आज्या-पणज्यांनी नातवंडांना एकच गोष्ट पिढ्यानपिढ्या सांगितली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला, तर काही न उचलता डोंगर गाठायचा. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाचं केंद्र या बेटाच्या अगदी जवळ होतं. सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सात माणसं गेली. त्याच किनाऱ्यावर पुढे आचे प्रांतात लाखाहून अधिक. भोंगा नाही, समिती नाही, परिपत्रक नाही. ९७ वर्षं रोजच्या बोलण्यात टिकलेली आठवण. गोल आकड्याची वाट त्या आज्यांनी पाहिली नाही.

आता दुसरी तक्रार, आणि ती पहिलीपेक्षा गंभीर आहे. सरावाचा अहवाल.

११ मार्च २०११ च्या त्सुनामीत जपानच्या एकाच किनाऱ्यावर दोन शाळांच्या दोन तऱ्हा झाल्या. कामाइशी गावात माध्यमिक शाळेतली मुलं हादरे थांबताच कोणाची वाट न पाहता पळत सुटली. त्यांना पळताना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेतली मुलंही निघाली, मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या सुरक्षित जागी पोहोचल्यावर तीही जागा धोक्याची वाटली, तेव्हा ती आणखी वर गेली. त्या दोन्ही शाळांत त्या वेळी असलेली मुलं वाचली. नकाशावर विसंबून राहू नका, हे त्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं होतं.

ओकावा प्राथमिक शाळेत मात्र भूकंपानंतर सुमारे ५० मिनिटं मुलं मैदानात थांबून होती. शाळेच्या मागेच टेकडी होती. कुठे न्यायचं यावर मोठी माणसं चर्चा करत राहिली, कारण शाळेच्या आराखड्यात त्सुनामीत जायची जागा म्हणून नुसतं 'मोकळी जागा, बाग वगैरे' असं लिहिलेलं होतं. कोणती मोकळी जागा, ते लिहिलेलं नव्हतं. ७४ मुलं आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले. पालक न्यायालयात गेले. २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने चूक त्या ५० मिनिटांपुरती धरली नाही. आपत्तीआधी आराखडा नीट न करणं हाच शाळेचा आणि प्रशासनाचा निष्काळजीपणा ठरवला, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

मंत्रिमहोदय, 'बाग वगैरे' मधला हा 'वगैरे' किती आराखड्यांत बसला आहे, ते आपल्या खात्यालाच ठाऊक. कागद पूर्ण असतो, तपासणीत रकाना भरलेला दिसतो. तो पकडायचा तर सराव अवघड करावा लागतो. ऐन वेळी एक जिना 'बंद' जाहीर करा. ज्या अधिकाऱ्याकडे सूत्रं आहेत त्याला त्या दिवशी 'बेपत्ता' ठरवा आणि पुढचा माणूस कोण, ते पाहा. मोबाइल बंद ठेवायला सांगा. गच्चीच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे, हे विचारून बघा. अनेक इमारतींत ती ज्याच्याकडे असते तो नेमका सुट्टीवर असतो.

आणि मग काय फसलं, ते छापा. मला 'यशस्वी' हा शब्द नको आहे. भोंगा चौथ्या मजल्यावर ऐकू गेला नाही, अग्निशामक नळकांड्याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला खाली आणायला कोणी नेमलेलंच नव्हतं: अशा अहवालावर एक नागरिक म्हणून माझा विश्वास बसेल. ज्या सरावात काहीच फसत नाही, तो सराव सोपा होता.

१४ एप्रिलचंच घ्या. १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. पोटात दारूगोळा आणि कापूस एकत्र. दुपारी आग लक्षात आल्यापासून जवळजवळ दोन तास पाणी मारणं चालू होतं, आणि चारनंतर स्फोट झाला. ६६ अग्निशमन कर्मचारी जागच्या जागी गेले; गोदीतली आणि आसपासची मिळून शेकडो माणसं. त्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा दिन आणि सप्ताह पाळतात, तो योग्यच आहे. पण त्या आठवड्यात शिडीवर चढून दाखवण्याची प्रात्यक्षिकं जितकी होतात, तितक्या वेळा 'आता विझवणं सोडा, परिसर रिकामा करा' हा हुकूम कोणी आणि कधी द्यायचा याचा सराव होतो का? त्या दोन तासांत नेमका तोच हुकूम आला नाही. (तारखेपुरतं सांगायचं तर 'टायटॅनिक' हिमनगावर आदळली तीही १४ एप्रिलच्याच रात्री, १९१२ मध्ये. तिची पहिली होडी ६५ जणांची होती आणि खाली सोडली तेव्हा तीत २८ माणसं होती. होड्या कमी होत्या हे सगळे सांगतात. होत्या त्या नीट भरता आल्या नाहीत, हे कमी जण सांगतात.)

एक अपवाद मात्र करावा लागेल. पूर आणि चक्रीवादळ यांचे स्मृतिदिन भर हंगामात किंवा हंगाम सरता सरता येतात. ओडिशाचं महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबर १९९९ चं, सुमारे दहा हजार बळींचं. त्या तारखेला आदरांजली जरूर वाहा, पण सराव त्याआधी, हंगामाच्या तोंडावर व्हायला हवा. ओडिशाने नंतर निवारे बांधले, गावोगावी माणसं तयार केली. २०१३ च्या 'फायलिन' वादळात सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले आणि मृतांची संख्या काही डझनांत राहिली. भूकंपाला हंगाम नाही, म्हणून त्याची तारीख जशीच्या तशी चालेल.

घरातल्या तयारीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यावरची पत्रकं आपलं खातं छापतंच. माणशी रोज चारेक लिटर पाणी, निदान तीन दिवसांचं; नेहमीची औषधं, शिट्टी, बॅटरीवरचा रेडिओ, कागदपत्रांच्या प्रती. यादी ठीक आहे. पण पिशवी एकदा भरली की माळ्यावर जाते ती जातेच. चार वर्षांनी तो टॉर्च उघडून पाहा: सेलमधून पाझरलेला पांढरा क्षार स्प्रिंगला चिकटलेला असतो, औषधांची मुदत संपलेली असते, आणि पिशवीत मुलाचे जे बूट असतात ते त्याला येत नाहीत. म्हणून स्मृतिदिन हा पिशवी उपसायचा दिवस ठरवून टाका आणि पत्रकात तसं तारखेसह छापा. सोबत एक ओळ वाढवा: घर सोडताना विजेचा मेन स्विच बंद करा. कोबेत कितीतरी आगी भूकंपाच्या वेळी लागल्याच नव्हत्या. वीज परत आली तेव्हा पडलेल्या हीटरमधून आणि तुटलेल्या वायरींतून त्या पेटल्या. हे अजून फार थोड्या पत्रकांत आहे. तिथेच ढिगाऱ्याखालून बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं होतं, तेव्हा शेजारी कोण राहतं आणि कोणत्या खोलीत झोपतं हे ठाऊक असणं हीदेखील तयारीच.

जपानमध्ये १ सप्टेंबर हा १९६० पासून आपत्ती प्रतिबंध दिन आहे, आणि त्या दिवशीच्या सरावात पंतप्रधान आणि मंत्री स्वतः भाग घेतात. आपणही घ्यावा. संदेश वाचायला व्यासपीठावर नको; आपल्या दालनातून, लिफ्ट न वापरता, स्वीय सहायकाशिवाय.

येत्या स्मृतिदिनाचा सराव किती वाजता ठेवला आहे आणि मागच्या सरावात काय काय फसलं होतं, ही दोन उत्तरं खात्याने जाहीर करावीत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'निरंक' असेल, तर तो सराव पुन्हा घ्यावा, ही विनंती.

कळावे,
एक नागरिक