सज्ञान विद्यार्थिनींच्या लैंगिक आरोग्याला अभ्यासक्रमात जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत ‘हेल्थ अँड वेलनेस’साठी आता श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यांत सज्ञान विद्यार्थिनींच्या लैंगिक आरोग्याला स्पष्टपणे, नावानिशी जागा मिळावी, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. मी प्राणिशास्त्राची प्राध्यापिका आहे. उंदराच्या मादीची प्रजननसंस्था आमच्या विद्यार्थिनी आकृतीसह अचूक लिहितात. परंतु मूत्रमार्ग आणि योनीमार्ग यांची द्वारे स्त्रीच्या शरीरात वेगवेगळी असतात, हे त्यांच्यापैकी अनेकींना ठाऊक नसते, आणि विचारायला जागा नसल्यामुळे पदवी हाती पडली तरी ते ठाऊक होत नाही.

या अज्ञानाची किंमत त्या रोजच्या जगण्यात मोजतात. दोन पाळ्यांच्या साधारण मध्यावर येणारा पातळ, ताणला जाणारा स्राव बीजोत्सर्गाच्या, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या, सुमारास होतो आणि तो निरोगी शरीराचे लक्षण आहे. तरीही ‘अंगावरून पांढरे जाते, म्हणजे हाडे झिजतात’ या समजापायी मुली धास्तावतात, तर दुसरीकडे खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारखा घट्ट स्राव असताना, म्हणजे खरोखर तपासणी हवी तेव्हा, लाजेपोटी महिनोन्‌महिने गप्प राहतात. पदव्युत्तर वर्गांत विवाहित विद्यार्थिनीही असतात. शरीरसंबंधाच्या वेळी होणाऱ्या वेदना हे बाईचे प्राक्तन नसून त्यांवर उपचार आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. पहिल्या संबंधात रक्तस्राव झालाच पाहिजे, हा समज तर सुशिक्षित घरांतही टिकून आहे. योनीमुखाजवळच्या पातळ पडद्याच्या, म्हणजे योनिपटलाच्या, स्थितीवरून कौमार्य सिद्ध होत नाही. तरी वैद्यकाच्या पाठ्यक्रमातही ‘कौमार्याची चिन्हे’ शिकवली जात होती आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग वगळण्याचा निर्णय घेण्यास २०१९ साल उजाडावे लागले. स्त्रीच्या लैंगिक सुखाशी थेट संबंध असलेल्या शिश्निकेचा (क्लिटोरिसचा) मोठा भाग शरीराच्या आत असतो, हे हेलन ओ’कॉनेल या ऑस्ट्रेलियन शल्यविशारद स्त्रीने १९९८ मध्ये सविस्तर मांडले. शास्त्राचेच दुर्लक्ष इतके, तर विद्यार्थिनीला दोष कसा द्यावा? स्वतःच्या शरीराची ओळख करून घेण्याने किंवा हस्तमैथुनाने कोणताही आजार जडत नाही, हे साधे वाक्य एखाद्या जाणत्या डॉक्टरने वर्गात उच्चारले, तरी कितीतरी जणींच्या मनावरचे अपराधाचे ओझे उतरेल.

विद्यापीठांत याबाबत काहीच होत नाही, असे मी म्हणणार नाही. ‘निर्भय कन्या अभियाना’तून स्वसंरक्षणाचे धडे आणि आरोग्यविषयक व्याख्याने होतात, ती चांगलीच आहेत. मात्र त्यांत मुलीला धोक्यापासून वाचवण्याचा विचार पुढे असतो; ती स्वतः निर्णय घेणारी सज्ञान स्त्री आहे, हे क्वचितच गृहीत धरले जाते. कायद्याने ते केव्हाच मान्य केले आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला गर्भपातासाठी पालकांची किंवा पतीची संमती लागत नाही आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. अविवाहितेला विवाहितेपेक्षा कमी हक्क देता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. हे माहीत नसलेल्या मुली भोंदू उपायांच्या आहारी जातात. आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत आणि जितक्या लवकर तितकी चांगली, ती राहिलेला गर्भ पाडत नाही, लैंगिक संसर्गापासून तर अजिबात संरक्षण देत नाही, इतकी माहितीसुद्धा औषधाच्या दुकानात कुजबुजत मिळवावी लागते.

महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षण थांबवले, तेव्हा मुलांच्या कोवळ्या वयाचे कारण पुढे केले गेले. त्या निर्णयाविषयी कोणाचे काहीही मत असो, मतदान करणाऱ्या आणि विवाह करू शकणाऱ्या स्त्रीला ते कारण लागू पडत नाही. याच राज्यात र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ साली सुरू केले होते, हे आक्षेप घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

हा विषय स्त्रीरोगतज्ज्ञांनी मराठीतून शिकवावा, प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीवर विचारता यावेत, आणि विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात ठरावीक दिवशी महिला डॉक्टर उपलब्ध असावी. ‘लग्न झाले आहे का’ हा प्रश्न तिथे उपचाराची अट बनू नये. मुलग्यांसाठीही असे वर्ग हवेतच. संमती म्हणजे काय, हे त्यांनी शिकण्याची निकड अधिक आहे. आणखी एक गोष्ट यंदाच्या प्रवेशांपासूनच करता येईल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी एचपीव्ही लस वयाच्या २६ वर्षांपर्यंत घेता येते, पंधरा वर्षांपुढे तिचे तीन डोस सांगितलेले आहेत, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून उपलब्ध आहे. पदवीच्या बहुतेक विद्यार्थिनी या वयोमर्यादेत बसतात. प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आरोग्य तपासणीतच त्यांना या लसीची माहिती लेखी द्यावी आणि ती सवलतीच्या दरात मिळेल, अशी व्यवस्था विद्यापीठांनी करावी.

आपली,
एक प्राध्यापिका, पुणे