कागद कोरे ठेवून शिकवलेली चित्रकला

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणता आणि पावसापाण्याच्या गोष्टी काढता. म्हणून हे जाहीर पत्र. इथे तरी मला मधेच तोडता येणार नाही.

निवृत्तीनंतर शनिवारी शनिवारी बस पकडून तुम्ही आमच्या मराठी प्राथमिक शाळेत आलात आणि मुलांच्या हाती रंगच दिले नाहीत. चित्रकलेचा तास आणि कागद कोरे? पालकसभेत कुरकुर झालीच. तुम्ही हसून पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या काढल्यात आणि वर्तमानपत्रातल्या एका फोटोवर ठेवल्यात. चौकटीत फक्त चेहरा होता. डोळे मिटलेले, दात आवळलेले. ‘रडतोय,’ सगळे म्हणाले. पट्ट्या थोड्या सरकल्या तेव्हा मुठीतला दोर दिसला. आणखी सरकल्या, तर वाळूत पाय रोवून रापण, म्हणजे मासे धरायचं मोठं जाळं, ओढणारी अख्खी रांग! फोटो तोच होता, कापला कुठे एवढाच फरक. कुरकुर करणारे पालक त्यानंतर मागच्या बाकावर येऊन बसायला लागले, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?

मग पणजी. जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारियांचा पुतळा आम्ही सगळ्यांनीच बसच्या खिडकीतून पाहिलेला. ‘तो बाईला मारतोय,’ मुलं म्हणाली. कुठे काय चुकलं ते न सांगता तुम्ही एवढंच विचारलंत, ‘कशावरून?’ मुलं पुतळ्याभोवती फिरली. पुढे झुकलेलं अंग, लांब झगा, पसरलेले हात, मागे कललेली बाई. तेवढ्यात एक मुलगी ओरडली, ‘हात लागलेच नाहीत तिला!’ मग तुम्ही सांगितलंत की कांदोळीत 1756 साली जन्मलेले हे पाद्री पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करत. संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलीही शक्ती वाहत नाही, समोरच्याचं मनच सूचना स्वीकारतं, असं त्यांचं म्हणणं होतं. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामतांनी 1945 च्या या शिल्पात हात आणि देह यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडली, तीत मला तरी तो सगळा सिद्धांत दिसतो. कामतांच्या मनात तेच होतं की नाही, देव जाणे.

‘चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतं?’ हे तीन प्रश्न अमेरिकेतल्या कलाशिक्षणात ॲबिगेल हाउझेन आणि फिलिप येनावाइन यांनी रूढ केले, हेही तुम्हीच सांगितलंत. आमच्या वर्गात मात्र ते तुमच्याच नावावर जमा आहेत.

गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेकांच्या चित्राची प्रत आणलीत तो तासही विसरणार नाही. साडीतली मेरी बघून वर्गात चुळबुळ झाली. ‘ही आमच्यासारखी कशी?’ शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकून आलेल्या या चित्रकाराला त्या काळच्या गोव्यात नेमका हाच प्रश्न ऐकावा लागला आणि तो पुण्याला जाऊन राहिला. एका वस्त्रामुळे कोणाला आपलेपणा वाटतो आणि कोणाला राग येतो, यावर चौथीच्या मुलांनी जो वाद घातला तो आमच्या शिक्षकांच्या बैठकीत कधी ऐकायला मिळालेला नाही.

चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीत, तर कहरच झाला. नाक्यावरच्या शुभेच्छांच्या बॅनरवर पुढाऱ्याचा चेहरा भलामोठा आणि गणपती कोपऱ्यात. एकाने भर रस्त्यात विचारलं, ‘बाई, चवथ कोणाची?’ मी त्याला हळू बोलायला सांगितलं. दुसरं काय करणार?

परवा पाठ्यपुस्तकातल्या चित्राबद्दल एका मुलीने वहीत लिहिलं, ‘माणूस खाली छोटा काढलाय आणि वर आभाळच आभाळ, म्हणून तो एकटा वाटतो.’ एकटेपणा तिला दिसला, आणि चित्रकाराने तो कसा आणला हेही. ती वही तुमच्यासाठी ठेवली आहे.

एक विनंती. पाऊस ओसरला की मुलांना रिवणजवळ पणसायमळला न्यायचं ठरतंय. कुशावती नदीकाठच्या जांभ्यावर कोरलेले बैल, हरणं आणि ती एकात एक फिरणारी वर्तुळं. कोरणाऱ्यांनी तिथे अक्षर लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे मुलं काय काय वाचतील याचा नेम नाही. तुम्ही यायलाच हवं. तारीख तुम्ही कळवा, गाडी तुमच्या दारात येईल.

आपली,
चौथीची बाई