पै म्हणजे पैसा नव्हे

संपादक महोदय,

बडोद्यातल्या जुन्या वाड्यांत कीर्दखतावण्या (हिशेबाच्या जुन्या वह्या) निघतात तेव्हा ‘५-६-९’ ही नोंद सर्रास ५ रुपये ६९ पैसे अशी वाचली जाते. ते रुपये-आणे-पै आहेत. १२ पै म्हणजे आणा, १६ आण्यांचा रुपया. जुन्या पैशात पै तीनच. ९ पै म्हणजे पाऊण आणा. आजच्या रुपयाचे १०० पैसे, म्हणून आणा सव्वासहा पैशांचा; पावणेसात आण्यांना सव्वासहाने गुणा, सुमारे ४२ पैसे येतात. म्हणजे ५ रुपये ४२ पैसे.

गोंधळाचं मूळ नावातच आहे. ‘पै’ची व्युत्पत्ती ‘पाद’, म्हणजे चौथा भाग, अशी लावतात; म्हणून काही जण पैशाच्या चार पै धरतात आणि बेरीज चुकते. ओव्यांतलं ‘पैं’ मात्र निव्वळ पादपूरक, म्हणजे ओळ भरण्यापुरतं, त्याला बाजारात किंमत नाही! १ एप्रिल १९५७ नंतरच्या नोंदींत ‘न.पै.’ दिसलं तर ते नवे पैसे.

– एक वाचक, वडोदरा