कुरकुर, गाऱ्हाणं आणि उपकारस्तुती

अहिल्यानगर,
रविवार, रात्री

प्रिय शांतवन,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. उपासनेहून घरी पोचेपर्यंत गाडीत उपदेशाची लांबी, पेटीचा सूर, कमिटीचे निर्णय या सगळ्यांचा हिशोब होतो आणि घरात पाऊल टाकलं की पाणी, लाइट बिल, पोरांचे मार्क सुरू होतात, असं तू लिहिलंस. तक्रार करायचीच नाही असा नेम केला आणि तो चार दिवसांत मोडला, हेही लिहिलंस. तो मोडणारच होता. कुरकुरीबरोबर तू गाऱ्हाणंही दाबलंस, आणि पवित्र शास्त्रात या दोन गोष्टी एक नाहीत.

पवित्र शास्त्रातल्या गणना या पुस्तकाचा 11 वा आणि 27 वा अध्याय एका बैठकीत वाच. अकराव्यात मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएली लोकांना तिथले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवतात. मासे तर फुकट मिळत होते म्हणतात! विटा थापायची सक्ती आणि नदीत टाकलेली मुलं त्या यादीत कुठेच नाहीत. कुरकुर अशी मागचं निवडून आठवते, म्हणून ती बोलणाऱ्याला खरीच वाटते. अनुवाद नावाच्या पुस्तकात 1:27 मध्ये आणखी एक खूण आहे: लोक कुरकुरले ते आपापल्या डेऱ्यांत बसून. ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं.

आता गाऱ्हाणं कसं असतं ते बघ, सत्ताविसावा अध्याय. सलाफहादाला मुलगा नव्हता, म्हणून त्याचं नाव आणि वतन बुडणार होतं. त्याच्या पाच मुली दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि आम्हाला वतन द्या म्हणाल्या. मुलींचं म्हणणं रास्त आहे असं देवाने मोशेला सांगितलं आणि वारसाचा नियमच घालून दिला. प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनी कोणाला गप्प बसवलं नाही. सात माणसं नेमली.

म्हणून तोंडाला कुलूप लावू नकोस, तक्रारीचा पत्ता बदल. काही खटकलं की आधी एवढंच विचार: हे ज्याच्या हातात आहे त्याला मी सांगितलं का? मंडळीची, म्हणजे चर्चची, गोष्ट असेल तर रविवारी बोलू नका. उपासनेनंतर पाळक थकलेले असतात आणि आपण तापलेले. मंगळवारपर्यंत थांबा. तोवर निम्म्या गोष्टी विरून जातात. जी उरते ती खरी. मग एकच मुद्दा घेऊन जा, आणि त्यासोबत आपला वाटा. 'पेटी बेसूर आहे' एवढं सांगून परत येऊ नये. दुरुस्तीचा खर्च विचारून जावं आणि त्यातलं आपण किती उचलू तेही सांगावं. दहा गोष्टी एकदम सांगितल्या तर एकही होत नाही.

जे कोणत्याच माणसाच्या हातात नाही, ते देवापुढे न्यायचं. स्तोत्र 13 सहाच वचनांचं आहे. 'कोठवर?' हा प्रश्न पहिल्या दोन वचनांत चार वेळा येतो, मग दोन वचनं मागणं, आणि शेवटी गाणं. संध्याकाळच्या प्रार्थनेला याच घडणीवर आपली अडचण मांडून बघ, पाच मिनिटं पुरतात. फक्त एक सांभाळ: शेवटच्या दोन वचनांवर उडी मारायची घाई करू नकोस. पहिली चार पोटातून निघाली नाहीत, तर पुढचं गाणं ओठांवरच राहतं.

आता उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानणं. ती का टिकत नाही हे मान्न्यावरून, म्हणजे देवाने रानात इस्राएलांना रोज दिलेल्या अन्नावरून, नीट कळतं. माणशी एक ओमर, म्हणजे आपल्या मापाने साधारण दोन लिटर, रोज सकाळी गोळा करायचा. दुसऱ्या दिवसासाठी ठेवला की किडे पडायचे. फक्त शब्बाथासाठी, विसाव्याच्या दिवसासाठी, आदल्या दिवशी दुप्पट. लेवीय या पुस्तकाच्या 7 व्या अध्यायात उपकारस्तुतीच्या यज्ञाचाही असाच नियम आहे: मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही. वेदीवरची चरबी आणि याजकाचा वाटा सोडून बाकीचं जनावर आणि सोबत तेलात मळलेल्या पोळ्या, चपात्या, खमिराच्या भाकरीसुद्धा. एका घराने एका दिवसात हे संपवणं अवघड, म्हणजे लोक बोलवावेच लागणार. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. आभार त्याच दिवशी मानायचे, आणि मोठ्याने, दुसऱ्याच्या कानावर जातील असे.

त्यासाठी एक साधी वही घ्या. जेवणानंतर, ताटं उचलायच्या आधी, दहा मिनिटं. मोबाइल नको, त्यात एक ओळ लिहून होते न होते तोच दुसरं काही उघडतं. रोज तीन ओळी. पहिलीत आज ज्याने काही केलं त्या माणसाचं नाव आणि त्याने नेमकं काय केलं ते. दुसरीत माणसाच्या हातून न आलेली गोष्ट: पाऊस, उतरलेला ताप, वेळेवर आठवलेलं वचन. तिसरीत आजची कडू गोष्ट, आणि तिच्यासमोर 'कोणाला सांगायची' तो पत्ता. तिसरी ओळ गाळलीस तर आठवड्याभरात वही खोटी वाटायला लागेल.

चौथ्या-पाचव्या दिवशी 'आरोग्य, कुटुंब, अन्न' असं येऊ लागेल. हे शब्द इतके मोठे आहेत की त्यांत आजचा दिवस दिसत नाही. म्हणून सात दिवस एक ओळ पुन्हा लिहायची नाही, असं ठरवा. 'अन्न' लिहू नका. 'वहिनींनी पहाटे पाचला उठून डबा केला' असं लिहा, आणि वही मिटायच्या आधी त्यांच्याकडे बघून तसं म्हणा. देवाचे आभार रोज आणि भाकरी करणारीचे कधीच नाहीत, हे आपल्या ख्रिस्ती घरांत सर्रास दिसतं, आणि मुलं ते बरोबर टिपतात. मुलांवर ओळीची सक्ती नको. त्यांनी नुसतं ऐकलं तरी चालेल.

एक चूक मात्र आभारासारखीच दिसते. लूक 18 मधला परूशी, धर्मनियम कसोशीने पाळणारा माणूस, मंदिरात 'हे देवा, मी तुझे आभार मानतो' असंच म्हणतो, आणि पुढचं सगळं बोलणं जकातदाराला खाली दाखवणारं आहे. 'त्या बिचाऱ्यांपेक्षा आपलं बरं' ही त्याच घरातली प्रार्थना. वहीत दुसऱ्याच्या दुःखावर उभी राहिलेली ओळ आली तर ती खोड.

थेस्सलनीकाकरांना प्रेषित पौल लिहितो, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. इफिसकरांस पाचव्या अध्यायात सर्व गोष्टींबद्दल असंही आहे, तू ते काढशीलच. पण त्याच अध्यायात, 11 व्या वचनात, अंधाराची कामं उघडकीस आणा असंही आहे. वाइटाला चांगलं म्हणायला पौल सांगत नाही. फिलिप्पै शहरात मध्यरात्री बेड्यांत तो गाणी म्हणतो, आणि सकाळी अधिकारी गुपचूप निघून जायला सांगतात तेव्हा ठाम नकार देतो: रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारलेत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. म्हणून तुझ्या ऑफिसातला थकलेला पगार वहीत आभाराच्या ओळीत घालू नकोस. तो तिसऱ्या ओळीत जाईल, आणि सोमवारी लेखी अर्जात.

शेजारच्या काकूंबद्दल विचारलंस. नवरा जाऊन महिना झालाय. त्यांना उपकारस्तुतीबद्दल काही सांगू नका. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, त्यात कुठेच आभार मानलेले नाहीत, तरी ते स्तोत्रसंहितेत आहे. त्यांच्यापाशी बसा, जेवण पोचवा, त्या बोलतील ते ऐका.

ज्या दिवशी तिन्ही ओळी सुचत नाहीत त्या दिवशी एक भजन म्हणा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटीविना टाळांवरही जमतात, आणि थकलेल्या माणसाला बोलण्यापेक्षा गाणं सोपं जातं.

गाडीतल्या त्या वीस मिनिटांसाठी: निघताना प्रत्येकाने उपदेशातलं किंवा गीतातलं एक वाक्य सांगायचं, सुरुवात तू कर. सगळ्यांचं होईपर्यंत घर येतं. राहिलेलं मंगळवारी.

बुधवारी सुरू कर, रविवारी नको. रविवारी सुरू केलेलं सोमवारी विसरतं. मंडळीत पिकाचे आभार मानतात त्या हंगामाच्या सणापर्यंत वही भरली तर ती घेऊन ये. माझीही आणीन, आणि दोन्ही घरं एकत्र बसून वाचू. वहिनींना आणि मुलांना सलाम.

तुझा,
प्रकाश