पुलाच्या अलीकडे मी, पलीकडे शैला

भरूच
27 डिसेंबर 2018

प्रिय वसंता,

मार्चपासून पत्र नाही, तुझे दोन फोनही मी उचलले नाहीत. राग धरू नकोस. माझं बीपी ठीक, गुडघा तसाच.

शैला कार्तिकात ओंकारेश्वरहून नर्मदेच्या परिक्रमेला निघाली. परवा ती अंकलेश्वरला रामकुंडावर पोचली आणि मी स्कूटर काढून आपल्या सोनेरी पुलावरून पलीकडे गेलो. तिची टाच चिघळलीय रे. त्यात तिला साखरेचा आजार. तिथल्या डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं, आठ दिवस पाय टेकवू नका म्हणाले. मी म्हटलं, पलीकडे आपलं घर आहे, आठ दिवस पड, मग रामकुंडावरच आणून सोडतो. ती माझ्याबरोबर पुलाच्या तोंडापर्यंत लंगडत आली आणि पहिल्या कमानीपाशी थांबली. "मैया ओलांडायची नाही. समुद्रापाशी होडीतून, तेवढंच."

वसंता, हाच तो पूल. सुधाच्या जन्माच्या वेळी शैलाला रिक्षात घालून भरूचला आणत होतो, समोरून ट्रक घुसला, दोन्हीकडे गाड्या अडकल्या. तू पुढे धावत गेलास, ट्रकवाल्याला शिव्या घालत मागे घ्यायला लावलास. ती रात्र तुझ्याशिवाय कुणाला सांगू? तेव्हा तिला पलीकडे न्यायचंच होतं, आता ती येतच नाही.

आपलं भांडण आठवतं? तू म्हणायचास संध्याकाळच्या उन्हात लोखंड चमकतं म्हणून सोनेरी. मी म्हणायचो, आधीचे पूल पुरात मोडत गेले, दुरुस्तीत इतका पैसा गेला की त्यात सोन्याचा पूल झाला असता, म्हणून. हॉकशॉ इंजिनिअरसाहेबाचा हा पूल 1881 साली 45 लाख 65 हजारांत उभा राहिला. त्या पैजेची खारी शिंग, आपले खारे शेंगदाणे, तू अजून देणं लागतोस! जवळजवळ दीड किलोमीटर लोखंडाच्या जाळीतून परत येताना मी सारखा मागे वळून पाहत होतो. 1935 पर्यंत रेल्वे सोसली याने, आता दुचाक्या नि रिक्षा सोसतोय. शेजारी नव्या पुलाचं काम चाललंय.

खाली पाणीच नाही यंदा. पावसाळ्यात याच पुलाशी चोवीस फुटांची धोक्याची खूण बघायला आपण धावायचो. आता धरणातून थोडंच सोडतात, भरतीचं खारं पाणी वर चढतं, कोळी रडतात. आणि पुढे समुद्रापाशी वमलेश्वरहून होडी. भरती येईल तेव्हाच निघणार, पलीकडे मिठी तलाईला उतरेपर्यंत तास न् तास. ती पोहत नाही. ओला पाय घेऊन गर्दीत बसणार. मला झोप नाही.

जबरदस्तीने आणायला हवं होतं का? तिचं व्रत मोडून आणली असती तर ती माझ्याशी पुन्हा बोलली असती का? पण पायाला काही झालं तर?

काकूंचा मोतीबिंदू झाला ना? निनादच्या नोकरीचं कळव. वहिनींना नमस्कार.

शैला तुझं ऐकते, माझं नाही. तिच्याकडे फोन नाही. मी रोज संध्याकाळी सात वाजता रामकुंडावर असतो, तेव्हा माझ्या फोनवर कर. घरी ये म्हणू नकोस, ते ती ऐकणार नाही. आठ दिवस तिथेच राहा, एवढंच म्हण.

तुझा,
बाळू