प्रिंटर भंगारात घालण्याआधी ड्रायव्हर तपासा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नियमित अपडेट बंद केले आणि घरोघरचे कॉम्प्युटर विंडोज 11 वर जाऊ लागले. सातबारा, शिष्यवृत्तीचे अर्ज, दुकानाची बिले काढण्यासाठी सोलापुरात कितीतरी घरांत जुना लेझर प्रिंटर आहे. तो 'नव्या विंडोजला चालत नाही' म्हणून भंगारात जातो, याचे फार वाईट वाटते. कारण बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असते, फक्त योग्य ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटर चालवायला शिकवणारा छोटा प्रोग्राम, बसलेला नसतो.

कॅनन एलबीपी 2900 आणि एचपी लेझरजेट 1020 हीच उदाहरणे घ्या. हे प्रिंटर स्वस्तात देता यावेत म्हणून पान रचण्याचे काम कॉम्प्युटरवर सोपवलेले आहे. 1020 मध्ये तर फर्मवेअरही, म्हणजे प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्रामही, कायम राहत नाही. प्रिंटर चालू केला की दर वेळी ड्रायव्हर ते केबलमधून पाठवतो. त्यामुळे योग्य ड्रायव्हर नसेल तर दिवा लागलेला, कार्ट्रिज भरलेले, केबल नीट, तरी पान बाहेर येत नाही. विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर इथे कामाचा नाही, त्या मॉडेलचाच लागतो.

म्हणून आधी प्रिंटरच्या मागच्या किंवा खालच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर अक्षरासह लिहून घ्या. 2900 आणि 2900बी यांतला 'बी'सुद्धा सोडू नका. विंडोज 11 फक्त 64-बिट असते, तेव्हा ड्रायव्हरही 64-बिटच हवा. जुन्या सीडीत तो असेलच असे नाही. लॅपटॉपचा प्रोसेसर नेहमीच्या इंटेल-एएमडीऐवजी आर्म प्रकारचा असेल तर हा ड्रायव्हरही चालत नाही, आर्मसाठी वेगळा लागतो.

बसवताना सगळ्यात जास्त चूक केबलची होते. यूएसबी केबल आधी जोडली की विंडोज हाती लागेल तो ड्रायव्हर बसवून मोकळे होते. मग ऑल-इन-वनमधून प्रिंट येते, पण स्कॅन होत नाही. ॲडमिन खात्यातून इन्स्टॉल सुरू करा आणि स्क्रीनवर 'आता केबल जोडा' अशी सूचना आली की मगच जोडा. चुकीचा ड्रायव्हर आधीच बसला असेल तर नुसता प्रिंटर काढून भागत नाही, त्याच्या फायलींचे पॅकेज विंडोजच्या आतच राहते. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, इंग्रजीत प्रिंटयूआय, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश टी2 (printui /s /t2) टाइप करून एंटर दाबा. उघडलेल्या यादीत तो ड्रायव्हर निवडून 'रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज' करा. त्यानंतर 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट'च करा. फास्ट स्टार्टअप ही विंडोज लवकर सुरू करणारी सोय चालू असेल तर शट डाउनने विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही.

प्रिंटरच्या नावापुढे 'कॉपी 1' आले आणि जुने नाव ऑफलाइन दिसू लागले, तर केबल दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये गेली आहे. ती पहिल्या जागी लावली की काम होते. प्रिंट रांगेतच अडकली असेल तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस' यादीत 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम32, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली पुसा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. प्रिंटर्स हे फोल्डर मात्र राहू द्या.

विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत 'विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड' आला आहे. तो चालू केला की कंपन्यांच्या ड्रायव्हरवर चालणारे प्रिंटर यादीतून निघून जातात. जुना प्रिंटर असेल तर हा मोड बंदच ठेवा. शिवाय विंडोज अपडेटमधून कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर देणे टप्प्याटप्प्याने थांबवणार, असे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2023 मध्येच जाहीर केले आहे. आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवर आहे तोवर उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवणे शहाणपणाचे.

पण तो कंपनीच्याच साइटवरून. शोधात वर येणाऱ्या जाहिराती आणि 'ड्रायव्हर अपडेटर' यांच्या वाटेला जाऊ नका. 'ड्रायव्हर सापडत नाही, या नंबरवर फोन करा' असे सांगून पुढे स्क्रीन शेअरिंगचे ॲप टाकायला लावणारा माणूस प्रिंटर दुरुस्त करत नसतो, तो बँक खात्यापर्यंत पोहोचत असतो. पैसे गेलेच तर तत्काळ 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

शहरातल्या कॉम्प्युटर विक्रेत्यांना कळकळीची विनंती आहे. विंडोज 11 टाकून देताना गिऱ्हाइकाला 'घरी प्रिंटर कोणता?' एवढे विचारा आणि त्याचा ड्रायव्हर डी ड्राइव्हवर ठेवूनच कॉम्प्युटर हवाली करा. या कामाला पंधरा मिनिटेही लागत नाहीत.

आपला,
एक संगणक दुरुस्ती कारागीर,
जुळे सोलापूर